बागेच्या मातीत खडकाची भुकटी : उपयोग आणि मर्यादा

सह्याद्रीच्या पूर्वेस देशावर काळी जमीन आहे आणि पश्चिमेस रत्नागिरीच्या सड्यांवर तांबडा जांभा आहे. दिसावयास या दोन भूमींत काहीही साम्य नाही. एक पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि ओल दीर्घकाळ धरून ठेवते. दुसरीत पाणी ठरत नाही आणि पाऊस सरताच ती कोरडी पडते. तथापि भूविज्ञानाच्या दृष्टीने पाहता या दोहोंचा जनक खडक बहुतांशी एकच आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून जो बेसाल्ट तयार झाला, तोच महाराष्ट्राचा काळा पाषाण होय. एका बाजूस त्यापासून काळी माती झाली व दुसऱ्या बाजूस जांभा झाला.

बागेच्या मातीत खडकाची बारीक भुकटी मिसळावी, म्हणजे माती खनिजांनी समृद्ध होऊन झाडे निरोगी होतात, असा विचार अलीकडे अनेक देशांत पुन्हा पुढे आला आहे. घरामागील परसापासून फळबागेपर्यंत सर्वत्र ही भुकटी उपयोगी पडते, असे तिचे पुरस्कर्ते सांगतात. या विचारात तथ्य आहे. परंतु ते सरसकट नाही. काळ्या पाषाणाचीच भुकटी उपर्युक्त दोन्ही जमिनींत सारख्या प्रमाणात मिसळली, तर दोन्हीकडे सारखे फळ मिळेल काय? या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. ते तसे का आहे, हे समजून घेतले असता खडकाच्या भुकटीसंबंधीच्या बहुतेक सर्व प्रश्नांची उकल होते.

खडकातील अन्नद्रव्ये आणि त्यांची उपलब्धता

वनस्पतीच्या शरीरातील कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन ही द्रव्ये हवा व पाणी यांतून येतात. नत्राचाही मूळ साठा हवेतच आहे. ही चार वगळली, तर स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, मँगेनीज, जस्त, तांबे इत्यादी बहुतेक अन्नद्रव्ये मुळात खडकांतून मातीत आलेली आहेत. तेव्हा माती ही झिजलेला खडक आणि कुजलेले जीवद्रव्य यांचे मिश्रण आहे, हे लक्षात घेता खडकाची भुकटी घालणे म्हणजे मातीच्या घडणीचाच एक भाग हाताने करणे होय, असे म्हणता येईल.

परंतु एखादे द्रव्य मातीत असणे आणि ते वनस्पतीस मिळणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. मुळे पाण्यात विरघळलेले आयनच शोषून घेतात. खडकामध्ये हे आयन सिलिकेट खनिजांच्या स्फटिकजालात घट्ट बांधलेले असतात. पाणी, त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड, आणि मुळे, बुरशी व जीवाणू यांनी स्रवलेली सेंद्रिय आम्ले ही बांधणी हळूहळू सोडवितात. या क्रियेस विदारण असे नाव आहे.

सर्व खनिजांचे विदारण सारख्या वेगाने होत नाही. अमेरिकन भूवैज्ञानिक सॅम्युअल गोल्डिच याने १९३८ मध्ये या संदर्भात एक क्रम मांडला. जी खनिजे अधिक तापमानास स्फटिकरूप घेतात, ती भूपृष्ठावर आल्यानंतर आधी झिजतात. जी कमी तापमानास स्फटिकरूप घेतात, ती अधिक काळ टिकतात. ऑलिव्हिन व कॅल्शियमयुक्त प्लॅजिओक्लेज ही सर्वांत आधी झिजणारी, त्यानंतर पायरॉक्झीन, मग हॉर्नब्लेंड व काळे अभ्रक, त्यानंतर पालाशयुक्त फेल्डस्पार व पांढरे अभ्रक, आणि सर्वांत शेवटी क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी.

या क्रमात किती मोठे अंतर सामावलेले आहे, याची कल्पना अँटोनिओ लसागा याने १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणितावरून येते. २५ अंश सेल्सियस तापमान आणि ५ सामू असलेल्या द्रावणात १ मि.मी. आकाराचा अॅनॉर्थाइटचा, म्हणजे शुद्ध कॅल्शियम प्लॅजिओक्लेजचा, कण विरघळून जाण्यास सुमारे ११२ वर्षे लागतात. तेवढ्याच आकाराच्या क्वार्ट्झच्या कणास सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षे लागतात. पालाशयुक्त फेल्डस्पारचा काळ या दोहोंच्या मध्ये, लाखो वर्षांच्या घरात येतो. हे आकडे प्रयोगशाळेतील वेगांवरून काढलेले आहेत. प्रत्यक्ष मातीतील वेग त्याहून बराच कमी असतो. तरीही खनिजांतील परस्पर तारतम्य समजण्यास ते पुरेसे आहेत.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, खडकाच्या रासायनिक पृथक्करणात दिसणारी टक्केवारी फसवी ठरू शकते. ग्रॅनाइटमध्ये पालाश ४ ते ५ टक्के असतो, बेसाल्टमध्ये त्याच्या दशांशही नसतो. परंतु ग्रॅनाइटमधील पालाश बहुतांशी फेल्डस्पारमध्ये अडकलेला असल्यामुळे बागेच्या एका हंगामात त्याचा फारसा उपयोग होत नाही. दुसरी अशी की, बेसाल्टसारखा अल्पसिलिक खडक प्रामुख्याने कॅल्शियम, मॅग्नेशियम व विद्राव्य सिलिका देतो. त्याच्याकडून जी अपेक्षा ठेवावयाची, ती या तीन द्रव्यांची ठेवावी.

भुकटी किती बारीक असावी, हा प्रश्नही याच संदर्भात येतो. विदारण कणाच्या पृष्ठभागावर होते. १ सें.मी. बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सें.मी. असते. त्याचे १ मि.मी. बाजूचे घन केले तर एकूण पृष्ठफळ ६० चौरस सें.मी. होते, ०.१ मि.मी.चे केले तर ६००, आणि ०.०१ मि.मी.चे केले तर ६,०००. खडी केंद्रावर मिळणाऱ्या कचेत वाळूइतके भरड कण पुष्कळ असतात. ते मातीचा पोत थोडाबहुत बदलतील. अन्नद्रव्यांच्या दृष्टीने त्यांचा उपयोग अल्प. वैद्यकातील चूर्णाप्रमाणे भुकटी वस्त्रगाळ असावी, हा नियम येथे तंतोतंत लागू पडतो.

एका जुन्या चुकीचा बोध

अन्नद्रव्याची विद्राव्यता किती महत्त्वाची आहे, याचे सर्वांत बोलके उदाहरण कृषिरसायनाच्या इतिहासातच सापडते. वनस्पती खनिज द्रव्यांवर पोसली जाते, हा सिद्धांत कार्ल श्प्रेंगेल याने मांडला होता. त्याला सर्वत्र मान्यता मिळवून दिली ती युस्टुस फोन लीबिग याच्या १८४० मधील ग्रंथाने. पिकाने मातीतून जी खनिजे नेली ती मातीला परत केली पाहिजेत, हे लीबिगचे मुख्य सूत्र होते.

या सूत्रानुसार लीबिगने स्वतःचे खत तयार केले आणि १८४५ मध्ये इंग्लंडमध्ये त्याचा व्यापारी पातळीवर प्रसार सुरू झाला. पिकास लागणारी खनिजे त्यात होती. तथापि विद्राव्य क्षार पावसाने वाहून जातील, या भीतीने लीबिगने पालाशादी क्षार चुन्याबरोबर वितळवून मुद्दाम अविद्राव्य केले होते. त्याने वस्तुतः एक कृत्रिम खडकच तयार केला होता. शेतात त्या खताचा काहीही गुण दिसला नाही. पिकाच्या शेजारी अन्न होते. पण ते कुलूपबंद होते.

याच सुमारास जॉन बेनेट लॉझ याने उलट दिशेने पाऊल टाकले होते. हाडे व खनिज फॉस्फेट यांवर गंधकाम्लाची क्रिया करून स्फुरद विद्राव्य करण्याच्या कृतीचे एकस्व त्याने १८४२ मध्ये घेतले. सुपरफॉस्फेट या नावाने ते खत जगभर पसरले. मातीतील सौम्य आम्लांना जे काम करावयास दीर्घकाळ लागला असता, ते कारखान्यातील तीव्र आम्लाने थोड्या अवधीत करून टाकले.

लीबिगची भीती तरी खरी होती काय? १८५० च्या सुमारास एच. एस. टॉम्प्सन व जे. टॉमस वे या दोघांनी दाखवून दिले की, माती अमोनिया, पालाश इत्यादी धनायन धरून ठेवते आणि त्यांच्या बदल्यात कॅल्शियमसारखे दुसरे आयन सोडते. धनायन-विनिमयाची कल्पना येथून रूढ झाली. इंग्लंडच्या चिकणमातीत विद्राव्य पालाश वाहून जाण्याचे भय फारसे नव्हते. लीबिगने पुढे आपली चूक जाहीरपणे मान्य केली.

मात्र ही कथा येथेच संपत नाही. धनायन धरून ठेवण्याची मातीची शक्ती सर्वत्र सारखी नसते. माँटमोरिलोनाइट या चिकणखनिजाची विनिमयक्षमता १०० ग्रॅममागे ८० ते १२० मिलिसममूल्य असते. केओलिनाइटची ३ ते १५ एवढीच. पहिले खनिज काळ्या मातीत विपुल आहे. दुसरे जांभ्या मातीत. म्हणजे इंग्लंडमध्ये निराधार ठरलेली लीबिगची भीती कोकणात, जेथे वर्षाकाठी २,५०० ते ३,५०० मि.मी. पाऊस चार महिन्यांत पडतो तेथे, बरीचशी साधार आहे. तेथे सावकाश विरघळणारे द्रव्य हे दोषास्पद न ठरता गुणकारक ठरू शकते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत युलियुस हेन्झेल याने खडकाचे पीठ हेच खरे खत होय, असा प्रचार चालविला आणि रासायनिक खतांना कडाडून विरोध केला. समकालीन कृषिरसायनज्ञांनी त्याच्यावर तितकीच कडक टीका केली. १९८२ मध्ये अमेरिकेत जॉन हॅमेकर याने एक पाऊल पुढे टाकून हिमनद्यांनी दळलेल्या खडकाची भुकटी जगभर पसरल्यास येऊ घातलेले हिमयुग टळेल, असे प्रतिपादन केले. अशा अतिरेकी विधानांमुळे या विषयाची बरीच हानी झाली. समर्थकांनी सर्व रोगांवर एकच औषध सांगितले आणि विरोधकांनी औषधात औषधपणाच नाही असे ठरविले. जमीन कोणती, हा प्रश्न दोघांनीही पुरेशा गांभीर्याने घेतला नाही.

एका चौरस मीटरचा हिशेब

विधानांपेक्षा हिशेब अधिक विश्वसनीय असतो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये स्थूलमानाने कॅल्शियम ऑक्साइड १० टक्के, मॅग्नेशियम ऑक्साइड ६ टक्के, पालाश ०.३ टक्के व स्फुरद ०.२ टक्के धरता येईल. नत्र त्यात नाही. बागेच्या एका चौरस मीटरमध्ये अशी ५ किलो भुकटी मिसळली, म्हणजे हेक्टरी ५० टन या दराने घातली, तर मातीत ५०० ग्रॅम कॅल्शियम ऑक्साइड, ३०० ग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड, १५ ग्रॅम पालाश व १० ग्रॅम स्फुरद गेले.

टोमॅटोसारख्या फळभाजीचे भरघोस पीक एका चौरस मीटरमधून एका हंगामात सुमारे २० ग्रॅम पालाश उचलते. म्हणजे ५ किलो भुकटी पूर्णपणे विरघळली, तरीही तिच्यातील पालाश एका पिकास पुरणार नाही. वर्षाला तिचा शंभरावा भाग विरघळला असे मानले, तर मिळणारा पालाश ०.१५ ग्रॅम भरेल. याउलट ५ किलो चांगल्या शेणखतात, पालाशाचे प्रमाण ०.५ टक्के धरता, २५ ग्रॅम पालाश असतो आणि त्याचा मोठा भाग लवकर उपलब्ध होतो. शिवाय तितकेच नत्रही येते. चुलीतील लाकडाची राख पालाशाच्या बाबतीत याहूनही सरस आहे.

म्हणून बेसाल्टची भुकटी हे नत्र-स्फुरद-पालाश यांचे खत नव्हे, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. जो बागाईतदार शेणखत वा कंपोस्ट बंद करून त्याऐवजी भुकटी घालील, त्याची झाडे पहिल्याच हंगामात पिवळी पडतील.

कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचा हिशेब वेगळा आहे. वरील प्रमाणातील ही दोन द्रव्ये पूर्ण मुक्त झाली, तर १०० किलो भुकटीची आम्लता मारण्याची शक्ती सुमारे ३३ किलो शुद्ध चुनखडीइतकी येते. म्हणजे सैद्धांतिक कमाल धरली तरी तीन भाग भुकटी ही एक भाग चुनखडीची बरोबरी करते. आणि चुनखडी तुलनेने लवकर विरघळते, भुकटीस अनेक वर्षे लागतात. भुकटीच्या पारड्यात जमेच्या दोन बाबी पडतात : तिच्यापासून मॅग्नेशियम व सिलिका मिळतात, ज्या साध्या चुनखडीत नगण्य असतात, आणि तिचा साठा टिकाऊ असतो.

कोठे गुण आला

खडकाच्या भुकटीचा स्पष्ट गुण जेथे आढळला, ती स्थळे पाहिली असता एक समान धागा दिसतो. मॉरिशस बेट ज्वालामुखीजन्य असून त्याचा मूळ खडक बेसाल्टच आहे. तेथील अतिवृष्टीच्या भागातील जुन्या जमिनी दीर्घकालीन निक्षालनाने निःसत्त्व झालेल्या आहेत. अशा जमिनींत बेसाल्टची भुकटी हेक्टरी शंभराहून अधिक टन इतक्या प्रचंड प्रमाणात मिसळून उसावर दीर्घकाळ प्रयोग करण्यात आले आणि उत्पादनात निश्चित वाढ दिसून आली. डॉटमन द व्हिलिये याने १९६१ मध्ये या प्रयोगांचे फलित प्रसिद्ध केले. ऊस आणि भात ही सिलिका मोठ्या प्रमाणावर घेणारी पिके आहेत, ही गोष्ट येथे विचारात घ्यावयास हवी.

ब्राझीलमध्येही उष्ण प्रदेशातील झिजलेल्या, आम्ल जमिनींचे क्षेत्र अफाट आहे. त्या देशाने २०१३ मध्ये कायद्याने अशा भुकट्यांना शेतीच्या निविष्ठांत स्थान दिले आणि २०१६ मध्ये त्यांची मानके ठरविली. कॅल्शियम, मॅग्नेशियम व पालाश यांच्या ऑक्साइडांची बेरीज किमान ९ टक्के, त्यांपैकी पालाश किमान १ टक्का, मुक्त सिलिका २५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावी, आणि आर्सेनिक, कॅडमियम, पारा व शिसे यांस ठराविक मर्यादा, असे त्यांचे स्वरूप आहे. दख्खनचा सामान्य बेसाल्ट यांतील पहिली अट सहज पुरी करील. पालाशाच्या अटीत मात्र तो बहुधा नापास होईल. वर केलेल्या हिशेबाशी हे सुसंगतच आहे.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात मका व सोयाबीन यांच्या शेतांत बेसाल्टची भुकटी दरवर्षी हेक्टरी ५० टन याप्रमाणे चार वर्षे घालण्यात आली. डेव्हिड बीअरलिंग व सहकारी यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार उत्पादन १२ ते १६ टक्क्यांनी वाढले. तेथील जमीन जांभ्यासारखी झिजलेली नाही. परंतु ती आम्लतेकडे झुकणारी असून तेथे एरवीही चुनखडी घालावी लागते. या प्रयोगांमागे दुसराही हेतू होता. सिलिकेट खनिजांच्या विदारणात कार्बन डायऑक्साइड खर्ची पडतो व बायकार्बोनेटच्या रूपाने पाण्यातून वाहून जातो. हवेतील कार्बन कमी करण्याचा हा एक मार्ग होऊ शकतो, या विचाराने छत्तीसगड व मध्य प्रदेशातील लहान शेतकऱ्यांच्या भातखाचरांतही बेसाल्टची भुकटी पसरण्यात आली असून, त्या कार्यास २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय पारितोषिक लाभले.

या सर्व उदाहरणांतील समान धागा असा : जमीन आम्ल आहे, तिच्यातील धनायन कमी झालेले आहेत, पाऊस पुरेसा आहे, आणि भुकटीची मात्रा मोठी आहे. उष्णता व ओलावा विदारणास गती देतात; मातीची आम्लता ती वाढविते. यांपैकी कोणतीही गोष्ट नसेल, तेथे भुकटी केवळ पडून राहते.

काळी जमीन आणि जांभा

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. देशावरील काळ्या जमिनीचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो. तिच्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम भरपूर असून अनेक ठिकाणी चुनखडीचे खडे उघड्या डोळ्यांना दिसतात. हात-दोन हात खोल खणले की मुरूम, म्हणजे अर्धवट झिजलेला बेसाल्ट, लागतो. अशा जमिनीत बेसाल्टची भुकटी घालणे हे समुद्रावर पडणाऱ्या पावसासारखे आहे. तिच्यातील उणिवा नत्र, स्फुरद व जस्त यांच्या असतात. त्या भुकटीने भरून निघत नाहीत. लोहाचे उदाहरण तर विशेष उद्बोधक आहे. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत संत्रा, भुईमूग, ऊस यांची पाने लोहाच्या अभावी पिवळी पडतात. मातीत लोह नसते असे नाही. सामू अधिक असल्यामुळे ते विरघळत नाही. तेथे लोहयुक्त खडकाची आणखी भुकटी घातल्याने पानांचा रंग पालटणार नाही.

जांभ्याची स्थिती नेमकी उलट आहे. जांभ्याला लॅटेराइट हे नाव फ्रान्सिस ब्युकॅनन याने मलबारातील निरीक्षणांवरून १८०७ मध्ये दिले. प्रदीर्घ काळ उष्ण व पावसाळी हवामानात बेसाल्टचे विदारण होऊन कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पालाश व बरीचशी सिलिका पाण्याबरोबर निघून गेली आणि लोह व अॅल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहिली; त्यांचा बनलेला थर म्हणजे जांभा. अशी माती आम्ल असते. सामू ५.५ च्या खाली गेला की अॅल्युमिनियम विरघळून मुळांना बाधक होते. घातलेला स्फुरद लोह व अॅल्युमिनियम यांच्याशी बद्ध होऊन पिकास मिळेनासा होतो.

ताज्या बेसाल्टच्या भुकटीत नेमकी तीच द्रव्ये आहेत, जी पाण्याने जांभ्यातून नेली. भुकटी घालणे म्हणजे या मातीस तिचाच गमावलेला अंश परत करणे होय. सामू हळूहळू वाढतो, अॅल्युमिनियमचा जोर ओसरतो आणि मुक्त झालेली सिलिका लोह-अॅल्युमिनियमच्या पृष्ठभागावरील काही जागा व्यापून स्फुरदाचे बंधन सैल करण्यास मदत करते. उत्तर रत्नागिरी व रायगड या भागांत जांभ्याखालीच काळा पाषाण असल्यामुळे वाहतुकीचे अंतरही कमी पडते. पाचगणीच्या टेबललँडवर व महाबळेश्वरच्या माथ्यावर असलेल्या जांभ्यालाही हेच तत्त्व लागू आहे.

हा विचार महाराष्ट्राच्या शेतकऱ्यास सर्वस्वी नवा आहे असेही नाही. कातळावर आंबा लावताना खड्डा फोडून त्यात बाहेरची माती भरण्याची कोकणातील रीत, शिंपल्यांचा चुना, आणि उथळ माळरानावर तलावाचा गाळ पसरण्याची देशावरील प्रथा, या सर्वांच्या मुळाशी खनिज द्रव्य एका जागेहून दुसऱ्या जागी नेण्याचीच कल्पना आहे. धरणांतील गाळ शेतात नेण्याची योजना महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये हाती घेतली. गाळ हा खडकाचाच निसर्गाने दळलेला व अर्धा झिजविलेला अंश असल्यामुळे, जेथे तो जवळ मिळतो तेथे कारखान्यात दळलेल्या भुकटीपेक्षा तो बहुधा स्वस्त व लवकर गुण देणारा ठरेल.

फॉस्फेटयुक्त खडक

स्फुरदाकरिता वापरला जाणारा रॉक फॉस्फेट हाही नैसर्गिक खडकच होय. भारतात राजस्थानातील उदयपूरजवळ झामरकोटरा येथे व मसुरीच्या परिसरात त्याचे साठे आहेत. त्यातील मुख्य खनिज अॅपेटाइट हे आम्लात विरघळते. त्यामुळे दक्षिणेतील चहा, कॉफी व रबर यांच्या आम्ल जमिनीच्या मळ्यांत त्याची बारीक भुकटी प्रत्यक्ष खत म्हणून वापरली जाते. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तिचा थेट उपयोग होत नाही. तेथे ती कंपोस्टच्या खड्ड्यात मिसळून कुजण्याच्या क्रियेतील आम्लांचा लाभ करून देणे हाच सुज्ञपणा. जमिनीचा सामू आधी आणि खडकाची निवड नंतर, हा नियम येथेही तसाच लागू होतो.

प्रत्यक्ष उपयोग व परीक्षण

बागेत भुकटी घालण्यापूर्वी मातीचा सामू तपासून घ्यावा. तोवर एक सोपी परीक्षा करता येते. कोरड्या मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकताच बुडबुडे आले, तर तीत मुक्त चुना आहे. तेथे बेसाल्टची भुकटी वा रॉक फॉस्फेट यांवर पैसा खर्च करू नये. सामू ६ च्या खाली असेल तर भुकटीस वाव आहे. ती वस्त्रगाळ असावी, आणि शेणखत किंवा कंपोस्ट यांबरोबर मुळांच्या थरात मिसळावी. कुजणारे सेंद्रिय द्रव्य कार्बन डायऑक्साइड व आम्ले पुरविते. मुळांवर वाढणाऱ्या बुरशीही खनिजांच्या कणांवर क्रिया करतात. काही वनवृक्षांच्या सहवासी बुरशींचे तंतू फेल्डस्पारच्या कणांत सूक्ष्म बोगदे पाडतात, असे १९९७ मध्ये आढळून आले. खडक आणि खत यांतील एकाची निवड करावी असा हा प्रश्न नाही. खताच्या संगतीतच खडक कामास येतो.

दोन धोके टाळावेत. भुकटी कोरडी असताना तिची धूळ श्वासात जाऊ देऊ नये. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ अल्प असले, तरी ग्रॅनाइट व वालुकाश्म यांच्या धुळीने फुप्फुसांचा सिलिकोसिस हा रोग होतो. म्हणून भुकटी ओलसर करूनच हाताळावी. दुसरे, भुकटी कोणत्या खडकाची हे माहीत असल्याखेरीज ती घालू नये. ड्युनाइट, सर्पेंटाइन यांसारख्या अत्यल्पसिलिक खडकांत निकेल व क्रोमियम अधिक असते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कणकवलीच्या परिसरात क्रोमाइटचे साठे आहेत. अशा ठिकाणच्या खडकाचे पृथक्करण आधी करून घेणे अगत्याचे आहे.

संशोधनाच्या दृष्टीने एक सूचना महत्त्वाची आहे. भुकटी घातलेल्या वाफ्यात पीक अधिक आले, एवढ्यावरून सूक्ष्म द्रव्यांचा प्रभाव सिद्ध होत नाही. कारण केवळ सामू वाढल्यानेही तोच परिणाम घडतो. म्हणून भुकटीविरहित वाफ्याबरोबरच, सामू तेवढाच वाढेल अशा बेताने नुसती चुनखडी घातलेला वाफाही तुलनेस असला पाहिजे. भुकटी, चुनखडी, भुकटी व कंपोस्ट, नुसते कंपोस्ट, आणि काहीही न घातलेला वाफा, अशी पाच प्रकारची मांडणी करावी. प्रत्येकाची किमान चार वेळा पुनरावृत्ती करावी. आणि तीन पावसाळे तरी सामू, विनिमेय कॅल्शियम व मॅग्नेशियम, विद्राव्य सिलिका व पानांतील द्रव्ये मोजावीत. एका हंगामाच्या कुंडीतील प्रयोगाने शतकाच्या मापाने चालणाऱ्या क्रियेचा निवाडा करणे योग्य नव्हे. जांभ्या मातीच्या प्रदेशात असा प्रयोग पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे.

तात्पर्य, खडकाची भुकटी हे झाडाचे खाद्य म्हणून विकत घेणाऱ्याची निराशा ठरलेली आहे. झिजलेल्या, आम्ल मातीची दुरुस्ती म्हणून, सेंद्रिय खताच्या जोडीने आणि काही वर्षे थांबण्याच्या तयारीने जो ती घालील, त्याला तिचा लाभ होईल. सह्याद्रीच्या एका बाजूस जी भुकटी निरुपयोगी, तीच दुसऱ्या बाजूस उपकारक ठरते. खडक दोन्हीकडे तोच आहे. त्याच्यावर पडलेल्या पावसाचा इतिहास मात्र भिन्न आहे, आणि बागाईतदाराने प्रथम वाचावयाचा तो हाच इतिहास होय.